सात वाजताची लिंक अन् काकूंचा गोठा: एका हिवाळी ऑनलाइन वर्गाचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं एक गाव, नाव घेत नाही कारण ज्या घराबद्दल लिहितोय ते लोक नको म्हणाले. कापूस-तुरीचं गाव, पाच-सहा एकरवाले शेतकरी, घरोघरी दोन-चार जनावरं आणि सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर कॅन घेऊन रांग. त्या केंद्राची लिखापढी माझ्याकडे असते म्हणून हे सगळं जवळून बघायला मिळालं. झालं असं की हिवाळ्यात एका संस्थेनं पशुपालकांसाठी ऑनलाइन वर्ग काढला, दूध उत्पादन आणि गोठ्याचं व्यवस्थापन असा विषय, आठवड्यातून एक दिवस, मोबाइलवर, फुकट. शिकवणारे जनावरांचे डॉक्टर चांगले होते, विषय पण कामाचे होते, तरी पहिला महिना वर्ग जवळपास पाण्यात गेला आणि नंतर त्याच वर्गातलं थोडंसं एका घरात असं काही लागू पडलं की दुसऱ्या गल्लीतले लोक विचारायला यायला लागले. यात जे बदललं ते शिकवणं नव्हतं, वेळ आणि ऐकणारा माणूस बदलला. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी तपशील.

घर असं. काकाजी, काकू, एक मुलगा जो आर्वीला दुकानात कामाला जातो, सून आणि दोन लेकरं. गोठ्यात एक एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन या विदेशी जातीची संकरित गाय, रोज नऊ लिटरवाली, एक जर्सी क्रॉस पाच लिटरची, एक दुधाची म्हैस चार लिटर देणारी, एक भाकड म्हणजे सध्या दूध न देणारी म्हैस आणि एक गवळाऊ गाय. गवळाऊ म्हणजे आपल्या आर्वी-आष्टी-कारंजा पट्ट्यातलीच जात, नंद गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली, पांढरीशुभ्र, दूध कमी देते पण मे महिन्यात क्रॉस गाय जीभ काढून उभी असते तेव्हा ही आरामात चरत असते. काकाजी तिला विकत नाहीत, मुलगा दर दिवाळीला म्हणतो की विकून टाका, दर दिवाळीला वाद होतो आणि ती तिथंच असते.

स्मार्टफोन मुलाकडे. वर्गाला नाव काकाजींचं. गोठ्याचं सगळं काम काकू आणि सुनेकडे. हे तीन वाक्यं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

हिवाळ्यात वर्ग का घ्यायचा, तर त्यामागं एक जुनी कल्पना आहे आणि ती थंड मुलखातून आलेली आहे. अमेरिकेत १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायदा झाला आणि कृषी विद्यापीठांची विस्तार सेवा देशभर उभी राहिली, तिथल्या उत्तरेच्या राज्यांत जानेवारी-फेब्रुवारीत शेत बर्फाखाली असतं, शेतकऱ्याला रानात काही करता येत नाही, मग सभा, वर्ग, चर्चा सगळं त्याच दिवसांत. २०२० च्या कोविडनंतर त्यातलं बरंच ऑनलाइन झालं. त्यांच्याकडे हे अगदी बरोबर बसतं, पाण्याचे हौद गोठतात, वासराला थंडीत जास्तीचं दूध लागतं, हे प्रश्न ऐन थंडीतच येतात आणि ऐकायला वेळ पण तेव्हाच असतो. आपल्याकडे? ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कापसाची वेचाई, त्यातच हरभऱ्याची पेरणी, डिसेंबर-जानेवारीत तूर सोंगणं आणि हडंब्यातून (मळणीयंत्रातून) काढणं, रात्रीची लाइन (वीज) असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला रात्री वावरात. विदर्भातला शेतकरी खरा रिकामा असतो तो एप्रिल-मे मध्ये आणि तेव्हा ४५ डिग्रीत कोण काय शिकणार बाप्पा. म्हणजे हिवाळा म्हणजे फुरसत हे गृहीतच इथं चालत नाही, पण वर्गाचं वेळापत्रक बनवताना कोणी हे विचारलं नाही.

आणि वेळ ठेवली संध्याकाळी सातची. सात वाजता आमचं संकलन केंद्र भरलेलं असतं, साडेसहा ते आठ दुधाचं फॅट मोजायची मशीन चालू असते. पहिल्या दिवशी लिंक आली, मुलगा दुकानातून घरी पोचायचा होता, काकाजी कॅन घेऊन माझ्यासमोर रांगेत उभे, आणि काकू म्हशीखाली. नंतर केव्हातरी डॉक्टरांनी काकूंना विचारलं की तुम्ही वर्गाला का येत नव्हत्या तर त्या म्हणाल्या, "सात वाजता तं माह्या हातात म्हशीचे सड रायतात साहेब, फोन कुठी धरू?" याच्यावर काय बोलणार.

पहिले काही आठवडे हजेरी चांगली दिसत होती बरं का. स्क्रीनवर नावं दिसायची, स्क्रीनशॉट निघायचा, अहवालात जायचा. पण नाव असलेला फोन खाटेवर पडलेला, डेटा दीड जीबीतला संपत चाललेला आणि घरात टीव्ही चालू. स्लाइडवर ड्राय मॅटर इंटेक, बायपास प्रोटीन असे शब्द आणि एका फोटोत विदेशी वासरू चक्क जॅकेट घालून उभं. ते जॅकेट मात्र गावात फार गाजलं, पोरं आठवडाभर हसत होती. खरं तर मुद्दा चुकीचा नव्हता, आपल्याकडेही डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी २८-३० होतो, लहान वासराला हा चढउतार झेपत नाही. पण जॅकेट म्हटल्यावर लोकांनी पुढचं ऐकलंच नाही. बारदान म्हटलं असतं तर ऐकलं असतं.

बदल झाला तो ठरवून झाला नाही. वेचाईला बायांचा गट जातो, दुपारी धुऱ्यावर (बांधावर) बाभळीखाली शिदोरी सोडतात, त्यात काकूंची सून पण होती. नवऱ्याचा जुना फोन तिच्याकडे आला होता. एका दिवशी डॉक्टरांनी ग्रुपवर तीन-चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला होता, कारण आदल्या संध्याकाळी त्यांच्याच गावची लाइन गेली आणि वर्ग झाला नव्हता, म्हणून त्यांनी बोलून पाठवलं. विषय होता माज ओळखणं, म्हणजे जनावर भरवायला, गाभण राहायला कधी तयार झालं ते. तिनं तो जेवताना स्पीकरवर लावला. सात-आठ बाया, सगळ्यांच्या घरी जनावरं. ऐकून झालं की गप्पा सुरू, माह्या म्हशीचं असं होते, माही तं ओरडतच नाही, आणि त्यांनी तिथूनच वऱ्हाडीत उलटा प्रश्न बोलून पाठवला. डॉक्टरांनी संध्याकाळी उत्तर दिलं. एवढंच. त्यानंतर डॉक्टरांनी स्वतःहून दर दोन-तीन दिवसांनी दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास छोटा मेसेज टाकायला सुरुवात केली आणि सात वाजताची लिंक नुसती नावाला राहिली. मी केंद्रावरच्या फळ्यावर खडूनं त्या आठवड्याची एक गोष्ट लिहायचो, एकच, दोन लिहिल्या की कोणी वाचत नाही.

आता घरात काय झालं ते.

सगळ्यात आधी भाकड म्हैस. काकाजींच्या मते तिच्यात दोष आहे, ती माजावरच येत नाही, दोनदा इंजेक्शन मारून झालं, आता बाजार दाखवायचा. डॉक्टरांनी मेसेजमध्ये सांगितलं होतं की म्हैस गायीसारखी बोंबलत नाही, तिचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर दिसतच नाही, पण थंडीत म्हशी जास्त नियमित माजावर येतात, म्हणून आत्ताच लक्ष ठेवा, रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे, शेपटीखाली काचेसारखा चिकट बळस (स्राव) दिसतो का, घडीघडी लघवी करते का, दूध चोरते का बघा. काकू पहाटे पाचला शेण काढायला गोठ्यात असतातच. त्यांनी बॅटरी मारून बघायला सुरुवात केली, आणि दिसला की. घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला कोळशानं गोल केला. तेव्हा भरवली नाही कारण डॉक्टर लग्नाला गेले होते. पण आता हिशोब सोपा, २१ दिवसांनी परत बघायचं, १८-१९ पासूनच डोळा ठेवायचा. पुढच्या वेळी पहाटे बळस दिसला, सायंकाळी कृत्रिम रेतन झालं. सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम गावात आधी कोणाला माहीत नव्हता असं नाही, पण माज पाहणारी बाई वेगळी आणि डॉक्टरला फोन लावणारा माणूस वेगळा असला की मधे दीड दिवस जातो.

याचे पैसे किती होतात ते मी काकाजींना कागदावर मांडून दाखवलं. भाकड म्हैस रोज ढेप (सरकीची पेंड), कुटार (मळणीनंतरचा भुसा), थोडं हिरवं मिळून १३० रुपयांचं खाते असं धरा. एक माज हुकला की २१ दिवस, म्हणजे २,७३० रुपये. तीन माज हुकले की आठ हजाराच्या वर. हे पैसे कोणी खिशातून काढून देत नाही म्हणून दिसत नाहीत. डॉक्टरची फी द्यायला मात्र हात आखडतो. काकाजी कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे थे उभ्या उभ्या एक बकरी खाऊन रायली?" हो, तसंच.

दुसरं प्रकरण ढेपीचं, आणि इथं मला सगळ्यात जास्त मजा आली. घरात ढेप मोजायचा एक पत्र्याचा डबा होता, जुना तेलाचा, वरचं तोंड कापलेला. दर जनावराला सकाळी एक डबा, संध्याकाळी एक डबा, सरकी ढेप भिजवून. सगळ्यांना सारखं. नऊ लिटरवाल्या गायीला तेवढंच आणि शून्य लिटरवाल्या म्हशीला पण तेवढंच. हा कुटुंबाचा न्याय आहे, कोणाला कमी-जास्त नको. डॉक्टरांनी विचारलं डब्यात किती बसते, कोणालाच सांगता येईना. मग सुनेनं कापूस मोजायचा टांगता काटा आणला, वेचाईच्या बायांचा कापूस ज्या काट्यावर मोजतात तोच, आणि कोरडी ढेप भरलेला डबा टांगला. डब्याचं वजन सोडून एक किलो चारशे ग्रॅम. म्हणजे दिवसाला एका जनावराला २.८ किलो, पाच जनावरांची १४ किलो ढेप.

आता ढोबळ नियम असा आहे: गायीला अंगासाठी, म्हणजे नुसतं शरीर चालायला, एक ते दीड किलो खुराक (ढेप, भरडा वगैरे) आणि वर दर अडीच लिटर दुधामागं एक किलो, म्हशीला अंगासाठी दीड-दोन किलो आणि दर दोन लिटरमागं एक किलो, कारण तिच्या दुधात फॅट जास्त. एचएफ गायीला या हिशोबानं पाच किलोच्या आसपास पाहिजे, तिला २.८ मिळत होता. ती बिचारी अंगातलं काढून दूध देत होती, फासळ्या दिसत होत्या. जर्सीला साडेतीन, दुधाच्या म्हशीला साडेतीन-चार, गवळाऊला दोन. भाकड म्हशीला चांगलं कुटार आणि थोडं हिरवं असलं तर किलोभर पुरे, गाभण राहून शेवटचे दोन महिने आले की मग परत वाढवायचा. आणि नुसती ढेप म्हणजे खुराक नव्हे, ढेपीत प्रथिनं भरपूर पण ताकदीसाठी धान्य लागतं. म्हणून निम्मी ढेप आणि निम्म्यात मका भरडा आणि तुरीची चुनी (डाळ करताना उरलेला चुरा), शिवाय मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण.

काकाजी पहिल्यांदा चिडले, "भाकड हाय म्हून काय उपाशी ठेवाची काय तिले?" त्यांना वाटलं पैसे वाचवायला म्हशीच्या तोंडचा घास काढताहेत. पण बेरीज केली तर गंमत निघाली. नवा खुराक सगळा मिळून १५ किलो, आधीपेक्षा एक किलो जास्तच. ढेप ३५ रुपये, भरडा-चुनी २५ रुपये सरासरी, त्या वेळचे आमच्याकडचे भाव, तुमच्याकडे वेगळे असतील. आधी १४ किलो ढेपीचे ४९० रुपये लागायचे, आता खनिज मिश्रण धरून ४८५-४९० च्याच घरात. म्हणजे खर्चात बचत जवळजवळ नाही, फक्त घास योग्य तोंडात गेला. मला हे फार आवडलं कारण बहुतेक वर्गांत खर्च कमी करा, उत्पन्न दुप्पट करा असली भाषा असते आणि इथं खर्च होता तिथंच राहिला.

बदल एकदम केला नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर पोट बिघडतं. दोन-तीन आठवड्यांनी एचएफ लिटर-सव्वा लिटर वाढली. जर्सी फारशी वाढली नाही, तिचं वेत (दुधाचा काळ) संपत आलं होतं, तिला आता विण्याच्या दोन महिने आधी आटवायची, म्हणजे धार बंद करायची आहे. पण एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, जो ८.५ टक्क्यांच्या खाली लागायचा आणि रेट कापला जायचा, तो बऱ्याच दिवशी बरोबर लागायला लागला. संकलन केंद्रावर बसणाऱ्याला यातलं सुख कळेल, रोज सकाळी "मशीन खराब हाय तुही" ऐकावं लागत नाही.

पण एसएनएफ नुसता खुराकानं सुधारला असं मी म्हणणार नाही. त्यात सडाची पण भानगड होती. डॉक्टरांनी साबणाच्या पावडरीची चाचणी सांगितली होती, पाण्यात थोडी कपडे धुवायची पावडर विरघळवायची, चार सडांचं दूध चार वाट्यांत वेगळं घ्यायचं, तेवढंच पावडरचं पाणी टाकून हलवायचं. काकूंनी एका गायीसाठी स्टीलच्या चार वाट्या ओट्यावर मांडल्या, सून टाकणार, काकू हलवणार, शेजारच्या दोघी बघायला. तीन वाट्यांतलं दूध पाण्यासारखं राहिलं आणि चौथ्यात, मागच्या डाव्या सडाचं, लिबलिबीत झालं, वाटी कलती केली तर गोळ्यानं सरकलं. वरून कास चांगली दिसत होती, ना सूज ना गाठ. हा दबलेला कासदाह (कासेचा आजार), कास दगडी म्हणजे कडक व्हायच्या आधीचा. आधी असतं तर कळलंच नसतं, एसएनएफ का पडतो म्हणून मशीनला शिव्या. मग सरकारी दवाखान्यातून डॉक्टर आले, औषध लावलं आणि औषध चालू असेपर्यंत आणि ते सांगतील तितके दिवस त्या गायीचं दूध केंद्रावर आणायचं नाही असं सांगून गेले. काकाजींनी ते पाळलं, वासराला पण पाजलं नाही. गावात सगळेच पाळतात असं नाही, हे लिहायला वाईट वाटतं पण खरं आहे.

दूध काढल्यावर अर्धा तास सडाचं भोक उघडं असतं, तेवढा वेळ जनावर बसू नये म्हणून पुढ्यात हिरवं टाका, हे पण याच मेसेजमधलं. आता काकू धार काढली की लगेच नेपियर गवत टाकतात. आधी धारेच्या आधी टाकायच्या. शून्य खर्चाचा बदल.

थंडीबद्दल दोनच गोष्टी लागू पडल्या. एक पाणी. जनावरं हिवाळ्यात सिमेंटच्या टाकीतलं गार पाणी कमी पितात आणि पाणी कमी म्हणजे दूध कमी, म्हणून सकाळी टाकीतलं शिळं न देता बोअरचं ताजं कोमट पाणी. दुसरं गोठा. घरच्यांनी वासराला थंडी लागते म्हणून गोठ्याला खालपासून वरपर्यंत काळी ताडपत्री गच्च बांधली होती, आत गेलं की डोळ्यांत चरचर, मुताचा वास, आणि वासरू खोकत होतं. डॉक्टरांनी फोटो मागवला, फोटो बघून म्हणाले वरची दोन हात जागा मोकळी सोडा, वारा वरून निघून जाऊ द्या, खाली वासराच्या अंगावर झोत नको. खाली तुरीच्या कुटाराचा जाड थर आणि रात्री अंगावर बारदान. खोकला कमी झाला. कोणाला ते जॅकेट आठवलं की अजून हसतात.

जे जमलं नाही ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर हा अहवाल होईल.

मुरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून ठेवणं. डॉक्टरांनी सुंदर समजावलं, मका दुधाळ चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, हवा राहणार नाही असा दाबून भरायचा, ४५ दिवस बंद. गावात एकानंही केला नाही. कारण मका कोणाकडेच नाही, आणि मका का नाही तर रोही (नीलगाई) आणि रानडुकरं. रात्री कळपानं येतात, एका रात्रीत पाव एकर झोपवतात, कापूस-तूर राखता राखता नाकीनऊ आणि त्यात मका लावायचा म्हणजे त्यांना पंगत वाढायची. वर्गात हा प्रश्न एका भाऊनं विचारला तर उत्तर आलं की झटका मशीनचं (विजेचा हलका झटका देणारं) कुंपण करा. बरोबर आहे, पण ते कुंपण मुरघासाच्या बजेटमध्ये कुठं बसतं ते कोणी सांगितलं नाही.

वाळला चारा पौष्टिक करायची युरिया प्रक्रिया अर्धी जमली. १०० किलो कुटार किंवा गव्हांड्याला (गव्हाच्या भुशाला) ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबत ताडपत्रीत तीन आठवडे बंद ठेवायचं, मग उघडून वास उडू द्यायचा आणि थोडं थोडं साध्यात मिसळून सवय लावायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला द्यायचं नाही, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडापाशी चुकूनही राहायला नको, ते विष आहे. या शेवटच्या वाक्यानं निम्मी मंडळी पळाली. शेजारच्या गावात कोणाची तरी गाय युरियाची पोती चाटून मेली होती ही गोष्ट सगळ्यांना माहीत. काकूंनी एक छोटा ढीग करून बघितला, गायीनं पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, चौथ्या दिवसापासून खाल्लं. पुढं केलं नाही कारण तोपर्यंत हरभऱ्याची सोंगणी आली. म्हणजे चारा आहे, ज्ञान आहे, हात मोकळे नाहीत. सोयाबीनचं कुटार तर कितीतरी लोकांनी वावरातच पेटवलं होतं, वर्ग सुरू व्हायच्याही आधी, त्याचं आता डिसेंबरात शिकवून काय.

नोंदवहीचं पण तसंच. संस्थेनं २२ रकाने असलेला तक्ता पाठवला होता. तो कोणीच भरला नाही, मी पण नाही भरला. काकूंच्या घरी चार गोष्टी चालल्या: विल्याची तारीख, माज, भरवल्याची तारीख, आणि केंद्राच्या दूध पुस्तिकेतले लिटर. बाकी कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर सरकारी नोंदीत आहेच, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली ते तिथं लागतं. फेब्रुवारीत मात्र नोंदी पातळ झाल्या, कॅलेंडरवर एकच गोल. सून म्हणाली ध्यानात हाय ना माह्या. असेल.

बकऱ्यावाल्यांचं तर बोलायलाच नको. गावात बेरारी बकऱ्या राखणारी चार-पाच घरं आहेत, त्यांच्या करडांना पहाटेच्या थंडीत निमोनिया होऊन मर होते, नुकसान त्यांचं सगळ्यात जास्त, आणि त्यांच्यातल्या दोन घरीच चालणारा फोन. वर्गात शेळीचं एक सत्र होतं, शेवटून दुसरं, ते लिंकवरच झालं. किती लोकांनी ऐकलं असेल तुम्हीच समजा. १९६२ नंबरला फोन लावला तर फिरता दवाखाना येतो हे त्यांना माझ्या फळ्यावरून कळलं, वर्गातून नाही.

शेवटी संस्थेची आणि गावाची एक बैठक झाली, केंद्रातच, सकाळचं दूध गेल्यावर. गावाचं म्हणणं असं की वर्ग घ्यायचाच असेल तर पोळ्यानंतर लगेच सुरू करा, कारण बरसीम, ओट या हिरव्या चाऱ्यांची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, बियाणं त्याआधी ठरतं, आणि डिसेंबरात बरसीमचं भाषण ऐकून आम्ही काय ते फोनमध्ये पेरायचं? वेचाईच्या दिवसांत दुपारचे मेसेज, आणि समोरासमोरचं काही दाखवायचं असेल तर ते तूर निघाल्यावर, एखाद्या गोठ्यात, सगळ्यांना बोलवून. डॉक्टरांना हे पटलं. संस्थेच्या माणसाची अडचण वेगळीच, त्यांचा निधी हिवाळी कार्यक्रमाच्या नावानं येतो आणि हजेरी लिंकवरची मोजली जाते. धुऱ्यावर बसून ऐकणाऱ्या आठ बायांना अहवालात रकाना नाही. प्रमाणपत्रं पण लिंकवाल्यांनाच मिळाली, म्हणजे काकाजींना मिळालं, ते भिंतीवर लावलंय, काकूंचं नाव नाही. काकू त्यावरून काही बोलल्या नाहीत, सून बोलली, बैठकीतच बोलली आणि चांगलं खणखणीत बोलली. पुढच्या वेळी नोंदणी घरटी दोन नावांनी करायची, त्यातलं एक धार काढणाऱ्याचं, एवढं मान्य झालं. मेसेज ऐकलेलं हजेरीत धरायचं की नाही हे वरून विचारून सांगतो म्हणाले, अजून सांगितलेलं नाही.

भाकड म्हशीला तीन महिने होत आले की डॉक्टर हात घालून तपासतील, परत माजावर आलेली नाही म्हणून घरात आशा आहे, पण मुका माज हुकलाही असू शकतो. आणि काकाजींनी विहिरीजवळच्या पाव एकरात बरसीम करायचं ठरवलंय, तिथं तारेचं कुंपण आधीच आहे म्हणून रोह्याची भीती कमी. तीन किलोच्या आसपास बियाणं लागेल, आर्वीच्या दुकानात सांगून ठेवलंय. डॉक्टरांनी एकच बजावलंय, पहिली कापणी पन्नासेक दिवसांनी मिळेल ती ओली ओली नुसती टाकू नका, कुटारात मिसळून द्या, नाहीतर पोटफुगीनं रात्री बाराला फोन येईल अन् तेव्हा मी लग्नाला गेलेलो असेन.